अक्षता पडेपर्यंत

मनुबाई गेल्याचं नागोजीला कळलं तेव्हा तो लग्नाच्या कार्यालयात होता, आणि तिनंच निवडलेल्या पाकळ्यांच्या परड्या त्याच्यासमोर भरून ठेवलेल्या होत्या. फोनवर त्याचा मुलगा साईराज होता, दवाखान्यातून. "आप्पा, आई गेली," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. नागोजी "बरं" म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. बरं का म्हणालो, हे त्याला कळेना.

आत माणसं जमत होती. बायका एकमेकींच्या साड्या बघत होत्या. अक्षता पडायला अजून वेळ होता.

तांदूळ पायदळी जातात म्हणून कंग्राळीकडच्या काही घरांत आता अक्षतांच्या जागी पाकळ्याच टाकतात. ते काम मनुबाईचं. झेंडू, गुलाब, गलांडा, थोडी शेवंती. मयत किंवा दिवसकार्य असलं की रंगीत कमी, पांढरी शेवंती जास्त आणि वर तुळस. नियम मात्र दोन्हीकडं एकच, पाकळीबरोबर हिरवं देठ येता कामा नये. "जित्याच्या अंगावर पडू दे न्हायतर मेल्याच्या, टोचाय नको," असं ती म्हणायची.

आजच्या पाकळ्या तिनं पहाटे निवडल्या, ओल्या लुगड्यात बांधल्या आणि छातीत दुखतंय म्हणून भिंतीला टेकून बसली. साईराजनं शेजाऱ्याची गाडी आणली. नागोजी मागोमाग चढायला लागला तर तिनं त्याला हातानं मागं ढकललं.

"तुमी पाकळ्या घेऊन जावा. आनि म्या आजारी हाय म्हणून तिथं बोलू नगा. अक्षता पडूस्तर तोंड मिटून ऱ्हावा. त्या नवऱ्याकडच्या बायकांस्नी तेवढंबी पुरतंय."

तिला काळजी होती ती नवरीची, रचनाची. रचना गावातलीच पोर, लहानपणापासून मनुबाईजवळ बसून फुलं निवडायची. तिचं आधी एक लग्न ठरलं होतं. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाचा बाप गेला. पोर पांढऱ्या पायाची म्हणून लोकांनी सोयरीक मोडली, आणि मग तिच्या दारात कुणी उभं राहिना. शेवटी पाकळ्या पोचवायला निपाणीला जाता-येता मनुबाईनंच सौरवचं स्थळ काढलं. मुलगा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला होता, सरळ होता. पण निपाणीच्या घरात सगळं चालायचं त्याच्या आत्याचं. त्या सत्यवती आत्यानं जुनी गोष्ट ऐकली होती आणि तरी हो म्हटलं होतं, पण ते 'हो' कच्चं होतं. आज पाकळ्या देणारी बाईच गेली हे तिच्या कानावर गेलं असतं तर अंतरपाट धरलाच नसता.

नागोजीनं परड्यांकडं पाहिलं. निवडल्या तेव्हा ती जिवंत होती. पाकळ्यांना काही झालेलं नव्हतं. सुतक आता त्याच्या अंगाला होतं. त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि भिंतीला लागून उभा राहिला.

तेवढ्यात सत्यवती आत्या आलीच. हिरव्यागार इरकली साडीत, हातभर चुडा. एकेका परडीवर वाकून तिनं बघितलं.

"पाकळ्या तुमच्याच काय?"

"व्हय आक्का."

"आनि मालकीण कुठं हाय? निपाणीला आली की लई बोलायची. आज कुठं दडून बसलीया?"

"दुसऱ्या कामाला गेलीया."

"आज? रचना तर म्हणं तिला लेकीसारकी. कुठं गेलीया?"

नागोजीच्या तोंडात पहिलं आलं ते गाव त्यानं सांगितलं. "नंदगडला."

"नंदगडला कुणाच्यात?"

"हाय एकाच्यात. दिवसकार्य हाय."

आत्या दोन पावलं मागं सरली. "दिवसकार्याची फुलं आनि ह्या पाकळ्या एकाच जागंला निवडल्यासा व्हय?"

"न्हाय, न्हाय. ते सगळं निराळं. त्याचा हातसुदीक हिकडं लागू दिला न्हाय."

"मग बरं झालं आली न्हाय ते. मेल्याच्या कामातनं उठून हितं नको." तिनं परडीकडं बोट केलं. "मागं एका लग्नात देठं पडली नवरीच्या डोळ्यात. हात घालून वरखाली करून दावा बघू."

नागोजीचे हात पाठीमागंच राहिले. हात घातला नाही तर ही संशय घेणार. घातला तर रचनाच्या डोक्यावर सुतक पडणार.

"तुमीच घाला आक्का," तो म्हणाला. "पयला हात सवाष्णीचा लागू दे. नवऱ्याची आत्या असताना म्या कशाला?"

आत्याला ते आवडलं. बांगड्या वर सारून तिनं कोपरापर्यंत हात घातला, पाकळ्या तळापासून उचलल्या, पुन्हा सोडल्या. सगळ्या परड्या तशाच बघितल्या. एकही देठ सापडलं नाही.

"हात चांगला हाय बाईचा," ती म्हणाली. "सांगा तिला, सत्यवती म्हनली म्हणून."

"सांगतो."

त्याचा फोन खिशात थरथरत होता. मेव्हणा, मष्णू. नागोजीनं फोन बंदच करून टाकला, आणि ती चूक झाली. थोड्या वेळानं मष्णू स्वतःच फाटकातून आत येताना दिसला. डोळे सुजलेले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. नागोजी धावत गेला आणि त्याला दंडाला धरून जनरेटरच्या मागं ओढलं.

"दाजी, माजी आक्का गेली! आनि तुमी हितं लग्न बघालाय?"

"हळू बोल."

"काळीज हाय का धोंडा? पोरगं एकटं बसलंय तिच्यापाशी."

"अक्षता पडू दे. मग लगेच जाऊया. तिनंच सांगितलंय."

"मेलेलं मानूस सांगतंय व्हय?"

"जित्ती असताना सांगितलंय रं. ह्या पोरीपायी."

मष्णूनं त्याचा हात झटकला. तो मोठ्यानं काही बोलणार, इतक्यात पायरीवरून सत्यवती आत्याचा आवाज आला. "कोन हो ते? लग्नाच्या दारात रडालंय का?"

नागोजी वळला. दुसरं काही सुचलं नाही.

"मेव्हणा हाय माजा, आक्का. सकाळधरनं घेतलीया."

मष्णू त्याच्याकडं बघतच राहिला. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. उभ्या जन्मात त्यानं दारू कधी तोंडाला लावली नव्हती. नागोजीला वाटलं, आता हा ओरडणार, आणि सगळं संपणार. आत्या पायरी उतरत होती.

मष्णूनं मान खाली घातली. हळूच माळ शर्टाच्या आत सारली आणि वरचं बटण लावलं.

"चुकलं आक्का," तो म्हणाला.

"आसली मानसं आनतासा कशाला कार्याला? घाला त्येला भाईर!" म्हणत आत्या आत गेली, कारण भटजींनी हाक मारली होती.

अंतरपाट धरला. पोरींनी पाकळ्या वाटल्या. नागोजी दाराबाहेर उभा होता, मष्णू फाटकाबाहेर. प्रत्येक सावधानला माणसांच्या डोक्यावरून पाकळ्या उडत होत्या. शेवटच्या सावधानला अंतरपाट खाली आला आणि रचना सौरवकडं न बघता वर बघत होती, पडणाऱ्या पाकळ्यांकडं. मग तिनं दाराकडं पाहिलं, कुणाला तरी शोधल्यासारखं. नागोजी बाजूला सरला.

रचनाची आई बाळाबाई जेवून जा म्हणून मागं आली. तिलाही तो काही बोलला नाही. मष्णूच्या मोटारसायकलवर मागं बसला. दोघं थेट दवाखान्यात गेले.

मनुबाईला घरी आणलं. दुपारी, अक्षता पडल्यावर गेली, असं नागोजीनं सगळ्यांना सांगितलं, साईराजलाही तसंच सांगायला लावलं. घरात फूल नव्हतं, होती नव्हती ती सगळी सकाळी गेली होती. मष्णूनं बाजारातून पिशवीभर पाकळ्या आणल्या, घाईत तोडलेल्या. निम्म्याला देठं होती. नागोजी तिच्या पायाशी बसला, पिशवी पुढ्यात ओतली आणि एकेक देठ काढायला लागला. त्याला ते काम जमत नव्हतं. पाकळ्या फाटत होत्या.

"दाजी, उचलाय पायजे," मष्णू म्हणाला.

"जरा थांब."

"अंधार हुईल."

अर्धी पिशवी निवडून झाली होती. बाकीच्या तशाच टाकल्या.

बाळाबाईला त्याच संध्याकाळी कळलं. मांडवपरतणी होईपर्यंत, म्हणजे पोरगी माहेरी येऊन परत सासरी जाईपर्यंत, तिला सांगू नका, असं बाळाबाईच म्हणाली. दुसऱ्या दिवशी निपाणीहून रचनाचा फोन आला.

"काका, मावशीचा फोन लागंना झालाय. तिला सांगा की, एकबी देठ पडलं न्हाय अंगावर. आत्याबाईबी लई नाव काढालत्या. परतणीला आलो की तिची ओटी भरतो म्हणावं."

"सांगतो," नागोजी म्हणाला.

मष्णू त्याच्याशी अजून नीट बोलत नाही. परतणी जवळ आली आहे. रचनाला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.