भुरीला सांग, पाणी कढत आहे

पाण्यात पाय बुडवण्यासाठी माणसानं एस.टी.नं नगरला जायचं, दुपारपर्यंत बाकावर बसून राहायचं आणि मग एका बाईनं सांगायचं की पाय पाण्यात बुडवा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. शेतातून आलेला प्रत्येक माणूस पाय पाण्यात बुडवतो. त्याला कुणी औषध म्हणत नाही.

पाय माझ्या सासूचा होता. साळूबाई तिचं नाव. माझी बायको रतन संक्रांतीच्या आधी गेली. तिच्या आजारपणात सासू आमच्याकडे येऊन राहिली होती. दिवस उरकले आणि निघायच्या आदल्या दिवशी ती मोरीच्या दगडावरून घसरली. घोट्याचं हाड मोडलं. नगरच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. ते काढलं तेव्हा आतून पाय निघाला नाही, सुजलेलं रताळं निघालं. घोटा हलेना.

तोवर गावाचं सांत्वनाला येणं चालूच होतं. रतन अंथरुणावर होती तेव्हा यातलं कुणी उंबऱ्याला आलं नाही. मेल्यावर चहाला सगळे. चहा प्यायचा, "बाई लई चांगली हुती" म्हणायचं, जसं काही मला ते माहीतच नव्हतं, आणि उठता उठता सासूच्या पायावर इलाज सांगायचा. शेजारची रंगुबाई म्हणाली, बिब्बा घाला. बन्सी म्हणाला, "गोरक्षा, विळा तापव आन् डाग दे. माझ्या बैलाला असाच गुण आला."

"कुठाय तो बैल?"

"इकला."

"का?"

"लंगडत हुता."

हे असले वैद्य.

सासूचं मागणं फार नव्हतं. तिच्या गावात तिचं एका खोलीचं घर आहे. तिथं आपल्या चुलीपुढं आपण बसायचं, एवढंच. पण तिचा मुलगा आबासाहेब त्याच गावात राहतो. त्यानं नवं घर बांधलंय, पुढं लोखंडी गेट लावलंय, आणि आईसाठी गोठ्याच्या पडवीत खाट टाकून ठेवली होती. जत्रा झाली की ट्रॉली घेऊन येतो आणि आईला नेतो, असं तो सांगून गेला होता. पडवी हवेशीर आहे, असंही म्हणाला. हवेशीर आहेच. म्हशी तक्रार करत नाहीत. हिंडत्याफिरत्या बाईला कुणी पडवीत टाकू शकत नाही. जिला उठता येत नाही तिला कुठंही ठेवता येतं. म्हणजे जत्रेच्या आत तिनं उठून चालायला हवं होतं.

दवाखान्यात शेकाच्या खोलीत पुष्पावती नावाच्या बाई होत्या. त्यांनी घोटा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "एका बादलीत सोसेल इतकं गरम पाणी घ्या, दुसरीत गार. आधी गरम, मग गार, पुन्हा गरम. असं आलटून पालटून करायचं. सूज उतरेल, आखडलेलं सुटेल. मग पाण्यातच पाय वरखाली हलवायचा. दुखलं तरी हलवायचा."

"बास? गोळी न्हाई, सुई न्हाई?"

"सुई पाहिजे असली तर शिंप्याकडं जा."

बाई तोंडाळ होती. मला बरं वाटलं. रतन गेल्यापासून माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलत होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात सासू जावयाशी बोलत नाही. लग्नात तिनं माझे पाय धुतले, त्या दिवसापासून ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नव्हती. मी घरात आलो की पदर नाकापर्यंत. काही सांगायचं असलं तर ती रतनला सांगायची आणि रतन मला. दोघंही तिथंच बसलेले असायचो, तरीही. रतन कंटाळून म्हणायची, "मी मेल्यावर काय करताल?"

मेल्यावर शेळी आली. भुरी रतननं वाढवलेली. ती दारात बांधलेली असायची. सासू तिच्याकडं बघून म्हणायची, "भुरे, तुझ्या धन्याला सांग, मीठ सपलंय." मी म्हणायचो, "भुरे, मामींना सांग, आणतो." शेळी रवंथ करायची. निरोप पोचायचा. सांत्वनाला येणाऱ्यांपेक्षा तिला अक्कल जास्त होती. मध्ये बोलायची नाही.

शेकाचं काम आधी रंगुबाईकडं दिलं. तिनं सासूचा पाय गरम पाण्यात ठेवला आणि गावातल्या सगळ्या सुनांच्या गोष्टी काढल्या. पाणी निवून गेलं, सुना संपल्या नाहीत. दोनदा बघितलं आणि मी बंब पेटवून स्वतःच बसलो. गरम पाण्याला लग्नात सासूनंच दिलेलं घंगाळ, गार पाण्याला बादली. चैत्रात दुपारी विहिरीचं पाणीही कोमट. ते गार कसलं? म्हणून कांडीवाल्या गनीभाईला गाठलं. तो सायकलवर पेटी घेऊन यायचा. पेटीच्या तळाचा बर्फाचा चुरा त्यानं गोणपाटात बांधून दिला.

"लोकं चोखत्यात, तू पायाला लावनार. मग पाय गोड व्हईल की रे."

"तुझ्या कांडीनं आजवर कुनाचं तोंड गोड झालंय?" मी म्हटलं. तो हसला आणि रोज चुरा देत राहिला.

गावाला मात्र हसू आवरेना, आणि रागही. त्या साली विहिरींचा तळ दिसत होता. पारावर चर्चा झाली, की बायको मेली आणि हा सासूचे पाय धुतोय, वर पाण्याची नासाडी. नासाडी कसली? घंगाळातलं पाणी भुरी प्यायची, बादलीतलं शेवग्याला जायचं. पारावर बसून थुंकणाऱ्यांनी तेवढं पाणी रोज वाया घालवलं.

मग घोळ झाला. एका दुपारी मी भुरीला झाडाखाली बांधून आलो. पाणी बंबातून काढलं, सासूनं पाय आत ठेवला. ती काही बोलली नाही. पदराचं टोक दातात धरून बसली. मला वाटलं, दुखतंय पण सोसतेय, बाईंनी सांगितलंच होतं दुखलं तरी. पाय बाहेर काढला तर नडगीपर्यंत लाल. संध्याकाळी फोड.

दुसऱ्या दिवशी नगर. पुष्पावतीबाई पाय बघून उसळल्या.

"पाणी किती गरम आहे ते पेशंटला विचारलं नाही?"

"ती माझ्याशी बोलत न्हाई."

"भांडण आहे?"

"न्हाई. सासू हाय."

बाईंनी सासूकडं पाहिलं. सासूनं पदर आणखी ओढला. "मग घरी तुम्ही बोलता कसं?"

मी सांगितलं. बाई मला हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. "मग शेळी आत बांधा," त्या म्हणाल्या. "आणि पाणी ओतलं की आधी स्वतःचं कोपर घालून बघा. बोटं राकट असतात, त्यांना कळत नाही. कोपराला सोसलं तरच पाय घालायचा. फोड वाळेपर्यंत काही नको."

फोड वाळेपर्यंत दिवस फुकट गेले आणि जत्रा जवळ आली. आबासाहेबाला कुणीतरी कळवलंच. तो मोटारसायकलवर आला, दारातूनच ओरडला.

"दाजी, भाजली तुमी माझ्या आयला! ताई गेली, आता हिला बी घालवता?"

"ताईच्या आजारात तू कुठं हुतास?"

"ऊस तोडणी चालू हुती."

"तोडणी झाली का?"

"झाली."

"मग बस. पाय तुझ्या आईचा हाय, घंगाळ घे, पानी काढ, शेक दे."

त्यानं घंगाळाकडं पाहिलं, स्वतःच्या इस्त्रीच्या पॅन्टकडं पाहिलं, आणि त्याला राहुरीत काम निघालं.

त्यानंतर भुरी आत. मी कोपर बुडवून बघायचो. सासू पाय ठेवायची आणि बोलायची, "भुरे, धन्याला सांग, अजून सोसंल." किंवा, "भुरे, मेला बर्फ लई चावतोय, धन्याला सांग." एकदा घोटा सुटल्यासारखा वाकला तेव्हा ती पदराखाली रडली. मीही रतनच्या फोटोकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर पाणी निवलं असतं.

भिंत धरून ती उठली. मग चुलीपर्यंत. मग भिंत न धरता मोरीपर्यंत, त्याच दगडावर, मुद्दाम.

जत्रा झाली आणि धोंड्याचा महिना लागला. या महिन्यात सासरचे जावयाला बोलावतात, पाय धुतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. मला बोलवायला आता कुणी उरलं नव्हतं. आबासाहेब ट्रॉली घेऊन आला, सोबत दोन गडी आणि गादी.

"आये, उठू नगं, उचलतो तुला."

सासू उठली. आबासाहेबाच्या शेजारून गेली, किंचित लंगडत, पण कुणाला न धरता. बंबातून तांब्या भरला आणि दारात पाट टाकला. "भुरे, धन्याला सांग, पाटावर उभं ऱ्हा म्हनावं. धोंड्याचा म्हैना हाय."

"आगं, ताई गेली," आबासाहेब म्हणाला. "आता कसला जावई?"

"भुरे, ह्या पोराला सांग, लेक गेली म्हनून जावई मरत न्हाई. आन् ट्रॉलीत मी बसून येनार हाय, माझ्या दारात उतरनार हाय. गादी त्याच्या म्हशीला टाक म्हनावं."

मी पाटावर उभा राहिलो. ती खाली बसली. बसताना घोटा दुखला असणार, चेहरा दिसला नाही. तिनं पाणी ओतलं.

"भुरे," मी म्हटलं, "मामींना सांग, पानी कढत हाय."

"कोपर घालून बघितलंय म्या," सासू म्हणाली. "सोसतंय."

भुरी तेव्हा दावं सोडवून ट्रॉलीपाशी गेली होती, गादीचा कापूस ओढत.

सासू आता तिच्या घरात राहते. आपल्या चुलीवर आपली भाकरी करते. भुरी माझ्याकडंच आहे. तिला आता काही काम नाही. रतननं वाढवली म्हणून ठेवली आहे.