गिरणीच्या छपरावरचे पॅनेल

मित्रांनो, मी एक जुने सौर पॅनेल आहे. जुने म्हटले मी, निकामी नव्हे!

कारखान्यात माझ्या काचेखाली निळ्या चकत्या ओळीने बसवल्या, कडेने चौकट ठोकली आणि आम्हा सोळा भावंडांना एका पिठाच्या गिरणीच्या छपरावर चढवले. त्या दिवशी वायरमन हसला होता. "काकू, उन्हावर फार तर दिवा लागेल. गिरणी कसली फिरतेय!"

"आधी बटण तर दाब," गिरणीवाल्या काकू म्हणाल्या.

त्याने बटण दाबले. पट्टा सरकला, जाते घरघरले आणि वायरमनच्या मिशा पिठाने पांढऱ्या झाल्या.

अठरा वर्षे मी राबले. रात्री मला काही जमत नाही आणि ढगाळ दिवशी माझा जोर ओसरतो. ते मी कधी लपवले नाही. तेव्हा काकू तारेवरची वीज घेत. पण भर दुपारी तीच वीज गेली, की सगळी वस्ती डबे घेऊन आमच्या दारात!

पुढे काकूंचे गुडघे गेले. शिडी सुटली, तसे आम्हाला पुसणेही सुटले. गिरणीतून उडणारे पीठ दवात भिजायचे, उन्हात वाळायचे, आणि माझ्या काचेवर त्याचा जाड पापुद्रा धरला. गिरणी अडखळू लागली, तशी काकूंच्या कर्त्या मुलाने भंगारवाल्याला बोलावले. त्याने माझ्या चौकटीला पाना लावला. असा संताप आला, मित्रांनो! डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि वर आंधळे म्हणायचे?

"हात लावू नकोस त्याला!" काकू शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या.

"आई, पडशील! दम उरला नाही गं त्यांच्यात."

"वर्षभरात एकदा तरी फडकं घेऊन वर आलास का?"

काकू बसकण मारून ओल्या फडक्याने माझी काच घासू लागल्या. थोड्या वेळाने मुलगाही बादली भरून घेऊन आला. दुपारी गिरणी फिरली. पूर्वीच्या जोराने नाही, पण एकदाही न अडखळता! भंगारवाला पाना खिशात घालून निघाला आणि दारात थबकला. "काकू, माझ्या घरावर बसवायला कितीक लागतील हो?"

आता शेजारच्या माळावर नवी पॅनेल उभी राहिली आहेत, नजर पोचेल तिथवर. जगभर असेच चालले आहे म्हणे. उद्याची बरीचशी वीज तीच करतील, आणि त्यांच्याही काचेवर धूळ बसेल. तेव्हा मित्रांनो, आमचे कौतुक थोडे कमी करा, पण काच पुसा. आणि मी खरोखरच थकेन, तेव्हा मला उकिरड्यावर फेकू नका. माझी काच, माझा धातू सुटा करा, नव्या चौकटीत बसवा. मला पुन्हा एकदा उन्हात उभे राहायचे आहे.