टाकीचं झाकण

सुखदेव गायकवाडांनी तीस वर्षं एका संशोधन संस्थेत दगड फोडले. अश्मयुगातला माणूस हत्यार कसं घडवायचा हे पुस्तकात लिहायचं साहेबांनी, आणि घडवून दाखवायचं शिपायानं. पुस्तकं निघाली, साहेब परदेशी जाऊन आले. फोटोत सुखदेवांचे फक्त हात. ती चीड त्यांनी निवृत्तीनंतरही नीट जपून ठेवली होती.

आज नात पूर्वा त्यांना हिंजवडीच्या आपल्या आयटी कंपनीत प्रात्यक्षिकाला घेऊन आली. माइक हातात घेऊन म्हणाली, "माझे आजोबा, ज्येष्ठ संशोधक." सुखदेवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी नाव गिळलं ते गिळलं, आता घरच्या पोरीनं कामच पुसलं. तिनं चारचौघांत ताठ मानेनं शिपाई म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मांडीवर कातडं, हातात गारगोटी. पांढऱ्या तुकड्याच्या कडेला नेमका ठोका बसला की पातळ कपची सुटायची. गळ्यात पट्टे अडकवलेली मंडळी "ऑसम, ऑसम" करत होती. जन्मभर बटणं दाबणाऱ्यांना ठोक्याचं केवढं अप्रूप! दहा मिनिटांत पातं तयार झालं. मॅनेजरनं ते पुसून सफरचंद कापलं आणि फोड तोंडात टाकली.

"सुपर! कुठला स्टोन आहे हा, सर?"

"दगड कुठला? आपला काळा दगड असा फुटत नाही. फ्लशच्या टाकीचं झाकण आहे. तुमच्याच गेटपाशी राडारोड्यात पडलं होतं. तीनदा धुतलंय."

मॅनेजरचं चघळणं थांबलं. मग तो तोंडावर हात धरून बेसिनकडे पळाला. मागे सगळ्यांचं "शी, शी" सुरू झालं.

"झाकण म्हणतोय मी, भांडं नव्हे," सुखदेव म्हणाले. "आणि सकाळी कॉफी प्यालात ते कप काय सोन्याचे होते? तीच चिनी माती!"

पण ऐकतो कोण! मॅनेजर ओठ पुसत परतला.

"पूर्वा, तू तर म्हणालीस सायंटिस्ट आहेत!"

पूर्वाची मान खाली गेली.

"सॉरी सर. ते... तिथे शिपाई होते."

हवा होता तोच शब्द, पण माफी मागून दिलेला. सुखदेवांनी कातड्याची गुंडाळी केली.

"वा! एवढं खरं तुझ्या तोंडून निघायला संडासाचं झाकण लागलं," ते म्हणाले. बोलताना डोळे भरून आले, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.