मागचे दांडे

खुर्चीची पुढची छोटी चाकं आजही जमिनीवरून उठली नाहीत. नाजमीनने मोठी चाकं जरा मागे घेतली, मग झटक्यात पुढे ढकलली. खुर्ची नुसती सरकली.

"हात चांगले चालताहेत. मग अडतंय कुठे?" मोबाइलवरून सारिका मॅडम म्हणाल्या. कण्याला इजा झालेल्यांना त्या धुळ्याहून ऑनलाइन व्हीलचेअर चालवायला शिकवत. स्वतःही व्हीलचेअरवरच होत्या.

नाजमीनने खुर्ची पुन्हा मागे घेतली. अपघाताआधी ती चोपड्यातल्या एका क्लासमध्ये दहावीला विज्ञान शिकवायची. पुढच्या सोमवारपासून तिला परत बोलावलं होतं. पण वर्गाच्या दाराला तीन बोटं उंच उंबरा होता, आणि बाहेरचा बोळ इतका अरुंद की उतार बसवला तर वाटच अडली असती. मुलं उचलून आत ठेवतील, असं क्लासचे सर म्हणाले होते. "मुलांनी उचलून ठेवलेली मॅडम मी होणार नाही," तिने घरात सांगून टाकलं होतं. उंबरा स्वतः ओलांडता आला तरच ती जाणार होती.

"सलीमाभाभी, मोबाइल तिच्या तोंडासमोर नको. बाजूला, खाली ठेवा. मला चाकं दाखवा."

आईने मोबाइल माठाच्या तिवईला टेकवला.

"खुर्चीच्या मागे हे दांडे कसले?"

नाजमीनचे अब्बा नूर महंमद पुढे झाले. त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. "मी जोडलेत, मॅडम. दवाखान्यातून आणताना खुर्ची मागे कलंडली, पोरीचं डोकं आपटलं. आता हत्ती बसला तरी पडणार नाही."

"तेच तर झालंय, भाऊ. मागे कलल्याशिवाय पुढची चाकं उचलणार कशी? कापा ते. आणि मागे गादी टाका. एकदा पडू द्या तिला."

"ही बाई पोरीला पडायला शिकवते," नूर महंमद बायकोला म्हणाले.

"मला ऐकू येतंय, भाऊ."

नाजमीनला खाटेवर बसवून त्यांनी ग्राइंडर लावला. कापलेली जागा कानशीने गुळगुळीत केली. मग ती पुन्हा खुर्चीत बसली. खुर्चीच्या मागे पट्टा बांधून त्यांनी तो मनगटाला दोन वेढे देऊन ओढून धरला.

"बैल धरलाय का? ढिला सोडा. तुम्ही धरून ठेवलं तर तिला तोल सापडणार नाही. नाजमीन, हनुवटी छातीला लाव."

त्यांनी वेढे सोडले. नाजमीनने धक्का दिला. पुढची चाकं उठली, आणखी उठली, आणि खुर्ची मागे गेली. पट्ट्याने झोक कमी झाला, उरलेला गादीने घेतला.

"लागलं?" नूर महंमद तिच्यावर वाकले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"नाही अब्बा. पंख्यावर धूळ किती बसलीय!"

"पडल्या पडल्याही हिला माझंच काम दिसतं," सलीमा म्हणाली, आणि मग तिघंही हसत सुटले. मोबाइलमधूनही हसू आलं.

सोमवारी बोळात नूर महंमद पट्टा ढिला धरून लेकीच्या मागे उभे होते. तिने धक्का दिला. पुढची चाकं उंबऱ्यापलीकडे टेकली. मग ती पुढे वाकली आणि मोठी चाकं जोराने रेटली. पट्टा त्यांच्या हातातून सुटून तिच्यामागोमाग आत गेला.

ते तिथेच उभे राहिले. आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, मग मुलांचं गुड मॉर्निंग.

"अब्बा," नाजमीन आतून म्हणाली, "दार ओढून घ्या ना. आम्हाला सुरू करायचंय."