तानीबाईंच्या साडीचे पाच कप्पे

मला साडी म्हणायचं की तक्ता, ते तुम्हीच ठरवा. शहापूरच्या मागावर विणलेली मी जांभळी, लाल काठाची सुती साडी. आता अंगावर पाच कप्पे घेऊन बोरगावच्या अंगणवाडीत खिळ्याला टांगलेली आहे.

मला विकत घेतलं सिद्रामने. निपाणीला तंबाखूच्या वखारीत तो हमाली करायचा. दुकानात तानीबाई माझ्या रंगाला नाक मुरडत होत्या, पण हा "तानीला हीच" म्हणून हटून बसला. चारचौघांत बायकोला नावाने हाक मारणारा माणूस! तानीबाईंनी मात्र त्याचं नाव कधी उच्चारलं नाही. "अहो" आणि "प्रशिकचे बाबा" एवढ्यावर त्यांचा संसार झाला.

सिद्राम वारला आणि मी ट्रंकेत गेले. डांबरगोळ्यांच्या वासात पडल्या पडल्या वाटायचं, संपलं आपलं.

तानीबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. दहावी पास झाल्या तर सेविका होता येणार होतं, आणि त्यांना ते मनापासून हवं होतं. बाकीचे विषय निघाले, इंग्रजी तेवढं अडलं. सून सुविधा हायस्कुलात इंग्रजी शिकवते. सासूला शिकवायला तिला कप्प्यांचा तक्ता शिवायचा होता, त्यासाठी सासूबाईंनीच मला ट्रंकेतून काढून दिलं. कात्री लागली तेव्हा जीव कळवळला, खोटं कशाला सांगू?

कप्प्यांत नामांच्या चिठ्ठ्या पडू लागल्या. सगळ्यात वर प्रॉपर नाउन, म्हणजे त्या एकाचंच नाव: बोरगाव, प्रशिक. त्याखाली कॉमन: गाव, बाई, नवरा. मग कलेक्टिव्हमध्ये कळप, मटेरियलमध्ये कापूस. तळाच्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये हाताला न लागणारी माया आणि भीती.

"हाताला लागत न्हाय, मग भीतीनं पोटात गोळा कसा येतोय गं?" तानीबाई विचारायच्या. सुविधाला हसू आवरायचं नाही.

एका दुपारी सुविधाने घरच्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या दिल्या. तानीबाईंनी सगळ्या वर टाकल्या, पण सिद्रामची चिठ्ठी नाव न उच्चारताच खाली 'नवरा'शेजारी सरकवली. सुनेने खोदून विचारलं, तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. मागच्या परीक्षेत 'माझं कुटुंब' यावर लिहायचं होतं. नवऱ्याच्या नावापाशी पेन थांबलं ते थांबलंच, अख्खं उत्तर कोरं राहिलं. त्यातच बाई नापास झाल्या होत्या.

सुविधा रागावली नाही. चिठ्ठी सासूच्या हातात देत म्हणाली, "आत्या, नवरा घरोघरी असतोय. मामंजी एकच हुते."

"नाव घेतलं की माणसाचं आयुष्य कमी हुतंय म्हणत्यात."

तानीबाई बराच वेळ माझ्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आता कुणाचं कमी व्हायचं हाय?"

आणि त्यांनी वाचलं, "सिद्राम." दुकानात माझ्यासाठी भांडणाऱ्या त्या माणसाचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मला फार बरं वाटलं. चिठ्ठी वरच्या कप्प्यात गेली. पुढच्या परीक्षेत उत्तर कोरं राहिलं नाही.

आता तानीबाई इथल्या सेविका आहेत आणि त्यांनीच मला इथे आणलंय. पोरं दिवसभर माझे कप्पे उपसतात, शिवण उसवते, माझी काही तक्रार नाही. बाळांनो, खुशाल खेळा. फक्त वरच्या कप्प्यातली ती मऊ पडलेली चिठ्ठी जागेवर ठेवा. सकाळी कुलूप काढलं की बाई आधी ती वाचतात, मोठ्याने.