टेमघरचा भोकांचा रस्ता

टेमघरच्या गल्लीतला नवा रस्ता तुळशीरामला पहिल्या दिवसापासून खोटा वाटला. चिक्कीसारखा खडबडीत, सगळीकडे भोकंच भोकं. पालिकेची इंजिनीयर रंजिता म्हणाली, "काका, भोकं मुद्दाम ठेवलीत. पाणी खाली मुरतं, साचत नाही."

"सिमेंट कोणत्या कंत्राटदारानं खाल्लं ते सांग," तुळशीराम म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी तासाभराच्या पावसात ही गल्ली कमरेइतकी भरली होती. तुळशीराम कामाला होता त्या यंत्रमाग कारखान्याच्या दारासमोर, पाण्याखाली, गटार उघडं होतं. त्याची बायको रंगूबाई त्यात गेली. तेव्हापासून त्याचा कोणावर भरवसा उरला नव्हता.

रोज सकाळी ड्युटीवर येताना तो त्याच जागी बादलीभर पाणी ओतायचा आणि बघत उभा राहायचा. होळीच्या सुमारास पाणी डोळ्यांदेखत गायब व्हायचं. मे संपत आला तसं ते तिथंच थांबून राहू लागलं. पाऊस तोंडावर आलेला.

त्यानं रंजिताला बोलावून घेतलं. "बघ. फसवलं का न्हाय?"

ती उकिडवी बसली आणि एका भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून उकरू लागली. बोटाएवढा पांढरा गोळा बाहेर आला. ओला, घट्ट, जुन्या गादीतल्या कापसासारखा.

तुळशीरामनं तो हातात घेऊन कुस्करला. लूमखालची रुई होती. शिफ्ट सुटताना ती झाडून दाराबाहेर लोटायची, नाकातोंडात उडू नये म्हणून वर पाणी शिंपडायचं. पंधरा वर्षं हे काम तोच करत होता.

"कोण टाकतं हे?" रंजितानं विचारलं.

दारात मालक खुर्शीदशेठ उभे होते. त्यांनी तुळशीरामकडे पाहिलं. "हवा से आती होगी, मॅडम."

"हवेनं न्हाय," तुळशीराम म्हणाला. "मी टाकतो. रोज."

रंजितानं स्क्रू ड्रायव्हर पुसून खिशात ठेवला. मग म्हणाली, "परवा मशीन आणून खेचून काढू. पण परत टाकलंत तर परत बुजेल. आणि गल्लीत तुमचा एकच कारखाना नाही."

संध्याकाळी शिफ्ट सुटली तेव्हा तुळशीराम रिकामं पोतं घेऊन शेजारच्या कारखान्यापुढे उभा होता. तिथला दामू झाडू घेऊन बाहेर आला.

"काय तुळशीदादा, काल कंत्राटदाराला शिव्या घालत होतास. आज त्याचाच माणूस झालास?"

तुळशीरामनं पोत्याचं तोंड उघडं धरलं. "यात टाक."

"आन् न्हाय टाकलं तर?"

"तर मी इथंच हाय. उद्या पण."