आळणी वरण

शकुननं पाण्याचा माठ उचलून कोठीच्या खोलीत ठेवला, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या पोतीत ओवली.

"आता चोरून कसं पेता ते पाह्यतोच मी."

देवमन ओट्यावर बसला होता. सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते. गेल्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा अकोल्याला रक्त धुवायला जायचं, एरवी लोट्यातल्या मोजक्या पाण्यावर राहायचं, मीठ बंद.

"म्या नाही पेलो वं."

"मंग आंगात काय हवा भरली?"

शेजारच्या पार्बताबाई कुंपणावरून म्हणाल्या, "शकुन, नवरा हाय का बैल? पान्यावरून काहून छळून राह्यली?"

"बैल बरा, काकी. खोटं तरी बोलत नाही."

देवमनला हसू आलं, आणि हसता हसता दम लागला. खांब धरून तो उभा राहिला. छातीत घरघर वाजू लागली. शकुनचा राग जागीच विझला. काळ्या चिखलातून त्याला ओढत तिनं सडकेवर आणलं आणि काळीपिवळी जीपमध्ये बसवलं.

दवाखान्यात वजन पाहून नर्स प्रतीक्षाचा चेहरा उतरला. "काका, पाणी छातीत चढलंय. पुन्हा असं झालं तर इथवर पोचणार नाही तुम्ही."

"तुही शपथ, पोरी. नाही पेलो मी."

मशीन सुरू झाल्यावर तिनं शकुनला बाजूला घेतलं. "मावशी, मीठ?"

"कनभर नाही. मी सोता रांधतो."

"वरणात काय काय टाकता?"

"हयद, लसून. आन् सोडा."

"सोडा कशाला?"

"आमच्या पट्ट्यात पानी खारं. सोड्याबिगर दाय शिजते का? माही सासूबी टाके. आता त मी वाईच जास्त टाकतो, याहिले मऊ लागते."

"मावशी, सोडा म्हणजे मिठाचाच भाऊ. तहान वाढवतो, अंगात पाणी धरून ठेवतो. आणि रांधायला खारं पाणी नको, पिण्याच्या कॅनचंच घ्या."

शकुन भिंतीला टेकली. साऱ्या गल्लीसमोर तिनं त्याला चोर ठरवलं होतं.

परतताना जीपमध्ये तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. देवमननं बाहेरच्या कपाशीकडे पाहिलं.

"मंग आता कुलूप कोनाले लावाव?"

तिनं पदर डोळ्यांना लावला.

घरी आल्यावर पाहते तो कॅन रिकामा, माठात तळाशी पिण्यापुरतंच पाणी. कॅनची गाडी सकाळीच येणार. हापशाच्या खाऱ्याच पाण्यात तिनं डाळ टाकली आणि सोड्याची बरणी पार्बताबाईंच्या हाती दिली. चुलीत काड्या सारून सारून तिचे डोळे लाल झाले, तरी दाणा फुटेना. पार्बताबाईंनी आपल्या घरचं मऊ वरण वाटीत आणलं. शकुननं वाटी तशीच परत केली.

देवमननं घास घेतला. दाताखाली दाणा करकरला.

"कच्ची हाय."

"चावा."

तो चावत राहिला. शकुननं तेच वरण आपल्या ताटात ओतलं आणि त्याच्यासमोर बसून तीही चावू लागली.